स्टिक पडायची जागा

आमचे दाजी जेवायला बसतात, असं आपलं म्हणायचं. प्रत्यक्षात ते ओट्यावर ताट ठेवून उभ्याउभ्या जेवतात आणि जेवताना एक पाय सारखा हलत असतो. ताईचं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, "मुलगा चांगला आहे, पण पायाला भिंगरी आहे त्याच्या." आईला काय माहीत, भिंगरी पायाला नव्हती, हाताला होती. टेबल, डब्याचं झाकण, गाडीचं स्टिअरिंग, ताईची पाठ, जे सापडेल त्यावर त्यांची बोटं वाजत असतात. नोकरी लिफ्ट दुरुस्तीची. गच्चीवरच्या मशीन-रूममध्ये मोटर, दोर, ब्रेक तपासायचे आणि खाली कुणी अडकलं असेल तर वरून ओरडून धीर द्यायचा. धीर देतानाही हे पाना लोखंडावर वाजवत असणार, पैज लावतो. अडकलेल्याचा निम्मा जीव त्यानेच जात असेल.

हे वेड एका कॅसेटपासून लागलं. जुना, दणदणीत हार्ड रॉक वाजवणारा एक बँड. नाव सांगत नाही, कारण सांगितलं की लोक विषय सोडून आपापली आवडती गाणी सांगत बसतात. त्या बँडचे स्टुडिओतले अल्बम सगळ्यांकडे असतात. दाजींना हवे असतात कार्यक्रम. गायकाला सर्दी झालेली, गिटारची तार तुटलेली, माइक शिट्ट्या मारतोय, अशा एकेका संध्याकाळचं लाइव्ह रेकॉर्डिंग. कपाटभर जमवलीत.

"दाजी, तेच गाणं परत परत काय ऐकता?" मी एकदा विचारलं.

"तेच कुठाय? स्टुडिओत त्यांना माहीत असतं, चुकलं तर परत वाजवू. इथे परत नाही. इथे घाबरलेत ते. नीट ऐक, घाबरलेत म्हणून एवढ्या जोरात वाजवतायत."

मी ऐकलं. खरंच घाबरलेले होते. त्या दिवसापासून स्टुडिओतलं काही ऐकायला घेतलं की मला ते इस्त्री केल्यासारखं वाटतं, आणि याबद्दल मी दाजींना अजून माफ केलेलं नाही.

त्यांची खास कॅसेट एकच, पहिली. तिच्यातल्या सगळ्यात लांब गाण्याच्या मध्यावर ड्रम अचानक गायब होतो. स्टेजच्या फळ्यांवर टक्‌ असा आवाज येतो. ड्रमवाल्याच्या हातातून स्टिक पडलेली असते. गिटारवाला एकच सूर ताणून धरतो, गर्दीचा श्वास अडकतो, आणि मग ड्रम असा कोसळतो की खोलीतल्या वस्तू हलतात. दाजींनी ही जागा पहिल्यांदा ऐकली तेव्हा ते शाळेत होते. पन्नाशी उलटली तरी ती जागा आली की अजून हातातलं काम टाकून उभे राहतात.

पुढे आमचा बँड झाला. ड्रमवर दाजी, बेस गिटारवर ताई, गिटारवर मी. माझं चष्म्याचं दुकान आहे. गायला आमचा दंतवैद्य, जो आठवडाभर लोकांना 'आ' करायला लावतो आणि शनिवारी स्वतः करतो. सोफे दुरुस्त करणाऱ्या एका मित्राच्या गोदामात, फोमच्या गठ्ठ्यांमध्ये आमची तालीम चालते. ताई घरी दाजींना 'अहो' म्हणते, पण बेस गळ्यात घातला की 'अरे'वर येते. आम्ही वाजवतो ती फक्त त्या कॅसेटवरची गाणी, जशीच्या तशी. म्हणजे लांब गाण्यात त्याच जागी दाजी स्टिक पाडतात आणि मी सूर ताणतो. स्टिक कशी पाडायची याचीही आमची रंगीत तालीम असते. चूक बिनचूक व्हायला हवी, यावर दाजींनी आमचं रक्त आटवलं आहे.

मागच्या वर्षी एकदा ते दुकानात आले. चष्म्याची काडी सैल झाली होती. मी घट्ट करून देत असताना त्यांनी सवयीने माझ्या हातातला बारका स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला. स्क्रूच्या खाचेत टोक बसेना. पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं. मग मी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. नेहमी काहीतरी वाजवणारा हात तो, पण हे वाजवणं नव्हतं.

"तुझे स्क्रू भिकार आहेत," ते म्हणाले आणि स्क्रू-ड्रायव्हर काउंटरवर फेकला.

डॉक्टरकडे जायला तयार नव्हते. "हात दाखवून अवलक्षण कशाला?" म्हणाले. मी जवळजवळ ओढतच नेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, कंप आहे, गोळ्यांनी आटोक्यात राहील, पण हळूहळू वाढणार. उंचीवरचं, मशीनजवळचं काम बंद. बाहेर आल्यावर दाजींनी माझं मनगट धरलं.

"तुझ्या ताईला बोललास तर बघ. तिला कळलं की ती ड्रम विकून टाकेल. मग मी काय करू? बसू?"

'बसू' हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मी ताईला न सांगायचं कबूल केलं. कामावर त्यांनी तक्रारींच्या फोनचं टेबल मागून घेतलं आणि घरी सांगितलं, बढती मिळाली. ताईने मजल्यावर सगळ्यांना आइस्क्रीम वाटलं. मीही खाल्लं.

त्यानंतर माझी शांतता गेली ती गेलीच. तालमीत मी गिटारच्या पडद्यांकडे बघायचं सोडून त्यांच्या हाताकडे बघायचो आणि स्वतः चुकायचो, मग शिव्या मलाच. पण नवल म्हणजे दाजी वाजवत होते. "बघ," ते मला बाजूला घेऊन म्हणायचे, "कॅसेटसारखंच वाजतंय की नाही? या हाताला काय धाड भरलीय?" कॅसेट लावणं मात्र त्यांनी सोडून दिलं होतं. का ते मी विचारलं नाही. दंतवैद्य तर खुशीतच होता. पूर्वी त्याला दोन ओळींच्या मध्ये श्वास घ्यायला वेळ पुरायचा नाही, आता पुरत होता. तो म्हणाला, हा प्राणायामाचा गुण. आम्ही मान डोलावली.

मग ती कॅसेट बाजारात आली त्या दिवसाचा वाढदिवस आला आणि एका क्लबने आम्हाला हॉल दिला. संध्याकाळी लोक जमले ते बहुतेक आमच्याच वयाचे. टक्कल, पोट, आणि वर तो जुना काळा टी-शर्ट ताणून बसवलेला. यातल्या प्रत्येकाला ती कॅसेट तोंडपाठ होती. माझी पाचावर धारण बसली. पडद्याआड दाजी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते, उजवा हात काखेत दाबून.

तिसऱ्याच गाण्यात स्टिक पडली. पाडली नाही, पडली. घरंगळत पार स्पीकरखाली गेली.

मी थांबलो. लाज वाटते सांगायला, पण थांबलो, कारण या गाण्यात स्टिक पडत नाही! दंतवैद्य वळून 'आ' करून बघत राहिला. वाजवत होती ती एकटी ताई. तिने लोकांकडे पाठ केली, सरळ ड्रमसमोर जाऊन उभी राहिली आणि बेसच्या जाड तारांवर तळहाताने ठोके द्यायला लागली. दाजींनी पिशवीतून दुसरी स्टिक काढली. ती हातात नीट बसेना. ताईने ठोके सावकाश केले. अजून सावकाश. दाजी तिच्याकडे बघत होते, ती त्यांच्या मनगटाकडे. मग त्या धीम्या चालीवर एका ठोक्यात ड्रम आला, आणि मी धावत मागून शिरलो. गाणं इतकं जड, इतकं भीतीदायक कधी वाजलं नव्हतं. पुढच्या रांगेतले टकले उभे राहिले. मला ओरडावंसं वाटत होतं.

लांब गाणं शेवटी होतं. ती जागा आली. सगळा हॉल टक्‌ची वाट बघत होता. दाजींनी स्टिक पाडली नाही. मुठीत घट्ट धरून, दात आवळून ते त्या जागेतून तसेच वाजवत पुढे निघून गेले.

"अहो, स्टिक पाडा की!" मागून कुणीतरी ओरडलं, पैसे बुडाल्यासारखं. हॉल हसला. दाजी हसले नाहीत. ते वाजवत राहिले.

नंतर सामान आवरताना दोघंतिघं तक्रार करायलाही आले. पहिली स्टिक चुकीच्या गाण्यात पडली आणि दुसरी पडलीच नाही, म्हणाले. दंतवैद्य त्यांना समजावत बाहेर घेऊन गेला. मागे आम्ही तिघंच राहिलो. ताईच्या गळ्यात अजून बेस होता आणि ती वायरींची वेटोळी करत होती.

"हाताला घाम आला होता गं," दाजी म्हणाले.

"घाम नव्हता."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच सांगितलं, मी नाही बोललो.

"त्याच्याकडे काय बघतोस?" ताई म्हणाली. "त्याने सांगायची वाट बघत बसले असते का मी? गेले सहा महिने दर शनिवारी मी सगळी गाणी थोडी थोडी हळू करतेय. कळलं का तुमच्यापैकी एकाला तरी?"

आम्हाला कळलं नव्हतं. मला नाही, दंतवैद्याला नाही. दाजी ड्रमच्या स्टुलावर खाली बसले. उजवा हात त्यांनी मांडीवर उघडाच ठेवला होता, थरथरता, लपवला नाही.

"कॅसेटपेक्षा किती हळू झालंय?" त्यांनी विचारलं.

"तुला जमेल इतकं."

"आणि हा आणखी वाढला तर?"

"आणखी हळू करू," ताई म्हणाली. "गाणं लांबेल, एवढंच."