वाजली का?

गोळी सुटली की आपा मान किंचित वाकडी करायच्या, उजवा कान पुढे काढायच्या आणि विचारायच्या, "वाजली का?" कानांवर जाडजूड इअरमफ चढवलेले असतानाही हे चालायचं. समोर टेकडीच्या पायथ्याशी साखळ्यांना लटकवलेल्या पोलादी थाळ्या होत्या. नेम बसला की थाळी टण्णकन वाजायची आणि आपांचा चेहरा उजळायचा. नाही वाजली तर त्या मागून येऊन नेम धरणारीच्या वर चढलेल्या खांद्यावर एक बोट ठेवायच्या आणि तो हळूच खाली दाबायच्या.

आपा चिपळूणजवळच्या एका खाडीकाठच्या गावातल्या. त्यांचे मिस्टर सोहारला पोलादाच्या कारखान्यात फोरमन होते, सुट्टीला मस्कतला यायचे. मी मूळची पुण्याची, मस्कतच्या बौशर भागातल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. खांदा दुखतो म्हणून त्या माझ्याकडे आल्या. मी नेहमीच्या सवयीने विचारलं, "घरात जड उचलणं होतं का? कणीक मळणं वगैरे?"

"पिस्तूल चालवते," आपा म्हणाल्या.

माझा हात त्यांच्या खांद्यावरच थांबला.

"घाबरू नको गो. शिकवते बायकांना. तुझा हात बरा स्थिर आहे. शनिवारी ये."

पेशंटने डॉक्टरलाच उपाय लिहून द्यावा तसं झालं, आणि मी गेले. पुण्याला आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तिथे योगाचे क्लास नाहीत का?"

आपा शिकवायच्या तो नेमबाजीचा क्लब एका निवृत्त ओमानी अधिकाऱ्याचा होता. आम्ही सगळ्या त्यांना अर्बाब म्हणजे मालक म्हणायचो. शनिवार सकाळचा बायकांचा वर्ग आपांनी त्यांच्याशी भांडून सुरू करवला होता. त्यात केरळच्या नर्सेस होत्या, मदिनत सुलतान काबूस वस्तीतल्या एका शाळेच्या शिक्षिका होत्या, कॉलेजातल्या ओमानी मुली होत्या. एक नर्स म्हणायची की आठवड्यात माझी म्हणावी अशी हीच काय ती सकाळ. आम्हा सगळ्यांचंच तसं होतं. तिथे कुणी कुणाची आई नव्हती की बायको नव्हती.

आपांचा नियम एकच होता. इअरमफ नाही तर पिस्तूल नाही. कुणी कान उघडा ठेवून गोळी झाडायच्या रेषेजवळ आलं तर ही एरवी हसरी बाई अशी काही तडकायची की अर्बाबसुद्धा दोन पावलं मागे सरायचे. कारण आम्हाला माहीत होतं. त्यांच्या अब्बांकडे ठासणीची बंदूक होती, रानडुकरांपासून भात वाचवायला परवाना काढून घेतलेली. लहानपणी आपा त्यांच्या शेजारी उभ्या राहायच्या आणि कानात बोटं घालायच्या नाहीत, भित्री म्हणतील म्हणून. अब्बा पुढे ठार बहिरे झाले. आपांचे कानही त्याच वाटेने चालले होते. माणसांची बोलणी त्यांच्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी पोचायची. कानाला यंत्र लावलं की आवाज मोठा व्हायचा, स्वच्छ व्हायचा नाही.

थाळीचा आवाज मात्र त्यांना पुरा ऐकू यायचा. म्हणून तर मिस्टरांनी सोहारच्या एका वर्कशॉपमध्ये जाड पोलाद कापून त्या खास करवून आणल्या होत्या. "लोकांचे नवरे सोनं आणतात, आमच्यानं लोखंड आणलं," असं म्हणून आपा त्या थाळ्या अशा मिरवायच्या की खरंच सोनं असावं.

आणि मग उंटांची तक्रार आली. मैदानापलीकडे एका म्हाताऱ्या ओमान्याचा गोठा होता, शर्यतीच्या उंटिणींचा. गेला हिवाळाभर त्या बिथरत होत्या, एक तर कुंपण मोडून पळाली होती. अर्बाब भला माणूस, पण शेजाऱ्याशी वैर नको होतं. वर्गासमोर येऊन ते म्हणाले, "मॅडम, ऊंट डरता है. मैं सायलेन्सर का परमिशन लेगा. उससे हुआ तो ठीक, नहीं तो सॅटरडे का क्लास खलास."

"सायलेन्सर स्कूटरला असतो," आपा मला मराठीत म्हणाल्या. "ह्याला सप्रेसर म्हणतात. गप्प करत नाही, आवाज थोडा दाबतो."

परवानगी, तपासण्या, शिक्के असं सगळं होऊन काही महिन्यांनी क्लबात चाचणीसाठी एक सप्रेसर आला. काळी नळी, हातभर नव्हे पण चांगली वीतभर. अर्बाबना वाटत होतं, सिनेमातल्यासारखं फुस्स होईल. आपांना ती वस्तू मनापासून आवडत नव्हती, हे आम्हाला ठाऊक होतं. त्यामुळे त्या नाक मुरडून ती बाजूला ठेवतील अशी माझी अटकळ होती. पण नाही. नवी सून बघायला आलेल्या समंजस सासूसारखी त्यांनी ती नळी उलटसुलट पाहिली, पिस्तुलाला लावली, उन्हात बसून बराच वेळ हातात तोलली.

"पुढचं तोंड जड होतं. तुझ्यासारखीचा हात लवकर दमेल," त्या म्हणाल्या. "नेम बघायची खूण अर्धी झाकते. धूर मागं तोंडावर येतो. ही झाली वाईट बाजू. पण धक्का कमी बसतो, नवी मुलगी दचकत नाही. आणि कानाला थोडी तरी दया मिळते."

"मग लावायचा?"

"मला आवडत नाही म्हणून नको म्हणू? उंटांना विचारू या."

ही त्यांची खरी रीत. त्यांनी मला चहाचा थर्मास देऊन म्हाताऱ्याच्या गोठ्यावर पाठवलं. "गोळी कुठं जाते ते बघू नको. उंटिणी काय करतात तेवढंच बघ. उगाच माझ्या बाजूनं काही सांगू नको हां." प्रत्येक गोळीच्या आधी त्या लाल झेंडा दाखवणार होत्या, आणि काय केलं ते फोनवर सांगणार होत्या.

म्हातारा आणि मी कुंपणाशी बसलो. पहिली गोळी सप्रेसरशिवाय, कागदाच्या लक्ष्यावर. आवाज चांगला मोठा आला. उंटिणी चारा चघळत होत्या, चघळतच राहिल्या. एकीने कान हलवले, ते माशीसाठीही असतील. मग झेंडा पुन्हा हलला. आता सप्रेसर होता आणि समोर थाळी. गोळीचा आवाज लांबच्या घराचं दार आपटावं इतपतच आला. पण त्यामागून टण्ण झालं आणि ते टेकडीवर आपटून पुन्हा आमच्या अंगावर आलं. सगळ्या माना एकदम वर. एक उंटीण तर माझ्या चहावरून उडी मारायच्या बेतात होती.

"देखा? देखा?" म्हातारा ओरडला.

मी पाहिलं होतं. पुन्हा पुन्हा तेच झालं. सप्रेसर असो नसो, कागदावर गोळी गेली की उंटिणी शांत, थाळी वाजली की गोठाभर धावपळ. थाळ्या गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीलाच लागल्या होत्या. तक्रारीही तेव्हाच्याच. हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण थाळ्या आपांच्या होत्या.

परत आले तेव्हा अर्बाब आणि सगळा वर्ग वाट बघत होता. आपांनी उजवा कान माझ्याकडे केला. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं, ऐकू आलं नव्हतं म्हणून की ऐकू आलं होतं म्हणून, कोण जाणे.

अर्बाब चुळबुळत म्हणाले, "मॅडम, दूसरा कुछ करेगा. प्लेट तुम्हारा हजबंड..."

"नहीं अर्बाब. सप्रेसर अच्छा है, लेकिन हमको उसका काम नहीं. पैसा मत डालो. दर्द दूसरी जगह है." मग माझ्याकडे वळून, "पाना आण गो, मोठा."

त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. दुखऱ्या खांद्याने, एकेक नट ढिला करून, मिस्टरांनी आणलेल्या त्या थाळ्या स्वतः उतरवल्या. शेवटची हातात आल्यावर बोटाने तिच्यावर एक टिचकी मारली, कान लावून ऐकली आणि वाळूवर ठेवली. मला रडू आलं. आपा म्हणाल्या, "यल्ला, चला, कागद लावा. वेळ चाललाय."

वर्ग टिकला. पुढच्याच शनिवारी म्हाताऱ्याने खजुरांची पेटी पाठवली आणि आपांनी ती आमच्यात वाटून टाकली. कागदावरचं भोक त्या दुर्बिणीतून बघायच्या, तरी सवयीने मान वाकडी व्हायचीच. "वाजली का?" कागद कुठून वाजणार? पण आम्ही सगळ्या रेषेवरून ओरडायचो, "वाजली, आपा!" नर्सेस, शिक्षिका, ओमानी मुली, सगळ्यांच्या तोंडी तेवढं मराठी पक्कं बसलं होतं. इतक्या जणींनी एकदम ओरडलेलं त्यांना ऐकू यायचं.

मिस्टर निवृत्त झाले आणि आपा गावी गेल्या. जाताना कार्गोच्या खोक्यात भांडी, ब्लँकेटं, बदाम यांच्यासोबत एक थाळीही बांधली होती. वजन बघून कार्गोवाल्याने डोळे मोठे केले. मी माझ्या दवाखान्यात त्यांच्या खांद्याचे व्यायाम कागदावर काढून दिले. ते त्यांनी कधी केले नसणार, याची मला खात्री आहे.

परवा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. आता यंत्रानेही काही पोचत नाही, म्हणून मिस्टर शेजारी बसून माझं बोलणं पाटीवर लिहून दाखवतात. आपांनी फोन त्यांच्या हाती दिला आणि अंगणात निघाल्या. फणसाच्या झाडाला थाळी टांगलेली होती. वर वानरांची टोळी कोवळ्या फणसांवर तुटून पडली होती. आपांनी मुसळ उचललं, पाय रोवले, खांदा खाली सोडला, आम्हाला शिकवायच्या अगदी तसा, आणि थाळीवर एक ठेवून दिली.

इथे माझ्या खोलीत फोन दणाणला. आपांनी मान वाकडी केली, उजवा कान पुढे काढला. "वाजली का?"

मिस्टर पाटी शोधू लागले. मी इकडून हात वर करून ओरडत होते. पण आपा आमच्याकडे बघतच नव्हत्या. त्या वर बघत होत्या. फणसावरून कौलांवर, कौलांवरून माडावर वानरं सैरावैरा उड्या टाकत पळत होती, आणि त्यांचा चेहरा उजळला होता.