काकांचे पहिले साचे

मंडळी, रोह्याजवळ वरसेला स्वतःचा गणपतींचा कारखाना काढू की नको, हे विचारायला आज पेणला काकांकडे गेले. त्यांचे मोठे कारखाने आहेत.

"घाबरतेस काय? माझं सगळं गेलं तरी मी शून्यातून पुन्हा उभं करीन," काका म्हणाले.

काकी आतून ओरडली, "आणि मूर्तींचे साचे कोण देईल? पहिले माझ्या बापाने दिले. तो आता नाय!"

काका खो खो हसले. "खरं हाय गो." मग मला म्हणाले, "तुला हवे ते रबरी साचे ने."

"माझ्या हातून फाटले तर?"

"माझ्या हातूनही फाटलेले. सासरे काय बोलले नाय."

मूर्तीचे डोळे आखायला बाबांनी घरीच शिकवलंय. आता साचेही आले. भीती आहेच, तरी उद्या जागा ठरवते.

तुम्हाला सुरुवातीला कुणी काय दिलं होतं?