बाबांनी सुधारलेला लेख

“बदललं नाही, सुधारलं,” बाबा म्हणाले. “जन्मभर तेच करत आलोय.”

“सुधारलं? मग माझं तळघर कुठं गेलं? लाँड्री कुठं गेली? मी कुठल्या कार्यालयात बसत होते, बाबा? माझी खुर्ची कशी होती तेही लिहायचं होतं की मग.”

“आवाज खाली घे. खिडक्या उघड्या आहेत,” आई म्हणाली.

“असू देत. पुरवणी घरोघरी पोचलीय. आता खिडक्या लावून काय झाकायचंय?”

रविवारची सकाळ होती. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्राची पुरवणी पसरलेली होती आणि तिच्यावर चहाचा कप होता, नेमका धाकटीच्या लेखावर. कप वहिनीनं ठेवला होता. मुद्दाम नसेलही. धाकटीनं तो उचलून बाजूला आपटला, तसा चहा बशीत सांडला आणि वहिनी फडकं आणायला उठली. भांडणातून उठायला तिला असं काहीतरी लागायचंच.

धाकटी म्हणजे या घरातली मुलगी, दादाच्या पाठची. अजून तिशीही गाठली नव्हती. काही वर्षं परदेशात राहून ती गेल्या वर्षी परत आली आणि त्या दिवसांवर पुरवणीत लेख लिहू लागली. लोकांना ते आवडत होते. भाजीच्या दुकानात बायका थांबवून विचारायच्या, पुढचा कधी. एका प्रकाशकानं पुस्तकाचंही बोलणं काढलं होतं. पहिल्याच लेखात तिनं लिहिलं होतं, ‘परदेशात राहण्यात प्रवास असा फारसा नसतो. तो जाताना एकदा होतो. पुढं खोली ते काम आणि काम ते खोली. शहर बघायला पाहुणे येतात. मी त्यांच्या चादरी बघत होते.’ यातलं शेवटचं वाक्य छापून आलं नव्हतं. जागा कमी पडली असेल, असं तिला वाटलं होतं. पुढचे लेख छापून आल्यावर तिनं वाचलेच नाहीत, आपणच लिहिलेलं काय वाचायचं.

बाबा एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त झाले, पण लाल पेन काही सुटलं नाही. या घरातून बाहेर जाणारा कागद त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय जात नसे. दादाचा नोकरीचा अर्ज, वहिनीच्या माहेरी पाठवायचं निमंत्रण, दूधवाल्यासाठी दारावर लावलेली चिठ्ठीसुद्धा. त्या चिठ्ठीवरच्या लाल खुणा पाहून दूधवाल्याला एकदा वाटलं होतं, यांनी दूध बंद केलं. धाकटी हातानं लिहायची. बाबा ते कॉम्प्युटरवर टाइप करायचे, तपासायचे आणि पुरवणीच्या संपादकबाईंना पाठवून द्यायचे. पाठवण्याआधी तिनं एकदाही पुन्हा वाचलं नाही. बाबांनी तपासलेलं पुन्हा तपासायचं, हे या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नसतं.

आजचा लेख ताईवर होता, म्हणून तो तिनं छापलेला वाचला. सख्खी बहीण नव्हे, हॉटेलच्या लाँड्रीत धाकटीच्या शेजारी उभी राहणारी बाई. वयानं बरीच मोठी, आपलीच भाषा बोलणारी, म्हणून ताई. त्या मोठ्या हॉटेलच्या तळघरात एक लांबलचक यंत्र होतं. ओली चादर दोघींनी दोन कोपरे धरून तापलेल्या रोलरखाली सरकवायची, पलीकडे दुसऱ्या दोघींनी ती कोरडी झालेली ओढून घडी घालायची. रोलरच्या तोंडाशी एक पट्टी होती. बोटं तिला लागली की यंत्र थांबायचं. पण ते चादरीच्या सुरकुतीनंसुद्धा थांबायचं आणि काम मागं पडायचं, म्हणून मुकादमानं ती कापडानं बांधून टाकली होती. एका सकाळी ताईचा हात चादरीबरोबर आत गेला.

हॉटेलनं कागद तयार केला, की ही बाई कामावर आली तेव्हा हात भाजलेलाच होता. घरी स्वयंपाक करताना भाजला. शेजारी कोण उभं होतं? धाकटी. सही कर म्हणाले. तिनं केली नाही. मग तिची नोकरी गेली, नोकरीबरोबर तिथं राहायची परवानगी गेली, आणि ती परत आली. हे सगळं तिनं लेखात लिहिलं होतं. काही वाढवलं नव्हतं, रडारड केली नव्हती.

छापून आलेल्या लेखात मात्र ती हॉटेलच्या व्यवस्थापन विभागात होती. ताई तिच्या ओळखीची एक गृहिणी होती. आणि त्या गृहिणीचा हात घरी, स्वयंपाक करताना भाजला होता.

“हे कुणी घातलं? हे शेवटचं?” धाकटीनं ओळीवर बोट ठेवलं.

“लाँड्री काढल्यावर भाजणं कुठंतरी दाखवायला हवंच होतं,” बाबा म्हणाले. “नाहीतर लेख लंगडा पडत होता. स्वयंपाकघर सोयीचं पडलं.”

“सोयीचं पडलं.” धाकटीनं ते सावकाश म्हटलं. “हॉटेललाही तेच सोयीचं पडलं होतं. अगदी तेच. त्यांना मी सही दिली नाही. तुम्ही माझ्या नावानं देऊन टाकलीत.”

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. हॉटेलच्या कागदाचं त्यांनी वाचलं नव्हतं असं नाही. तो परिच्छेद त्यांनीच काढला होता. पण एका हातानं काढलं तेच आपण दुसऱ्या हातानं घातलं, हे त्यांना त्या क्षणापर्यंत दिसलं नसावं. चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढला तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढलेला होता.

“स्थळ आलंय तुला. माणसं घरी येऊन गेली. व्यवस्थापनात होती असं त्यांना सांगितलंय. ती माणसं ही पुरवणी वाचतात. आता लेकीनंच चार लोकांत उठून मी चादरी धूत होते म्हणून सांगायचं?”

“धूत नव्हते. इस्त्री करत होते. धुण्याचं काम पुरुष करायचे.”

“बघ, आता यातही मानपान,” दादा हसत म्हणाला. तो इतका वेळ क्रीडापान वाचत असल्याचं दाखवत होता. “अगं, एवढं काय बिघडलं? त्या बाईला मराठी पुरवणी कोण वाचून दाखवणारेय तिकडं?”

“आई सगळ्यांना सांगायची, आमची धाकटी हॉटेल सांभाळते,” फडकं पिळत वहिनी म्हणाली. “मला तर वाटायचं, मालकीणच झालीय. आम्ही मनात म्हणायचो, गेलो तर फुकट राहू.”

“वहिनी, तुम्ही आलाच असता तर तुमच्या चादरीला इस्त्री मीच केली असती. चांगली केली असती.”

“ते काही खोटं नाही. तुझ्यासारखे कोपरे या घरात कुणाला जमत नाहीत.”

आईला हसू आलं, ते तिनं गिळलं. ती मटार सोलत बसली होती, आणि मघापासून दाणे सालांच्या भांड्यात आणि सालं दाण्यांच्या भांड्यात पडत होती.

“मला एक कळत नाही,” आई म्हणाली. “काम केलंस, कष्टाचं केलंस, कुणी नाव ठेवलं का? पण ते लिहायला कशाला हवं? फिरलीस, बागा पाहिल्यास, माणसं पाहिलीस, ते लिही. लोकांना तेच हवं असतं.”

“बागा मी बसच्या खिडकीतून पाहिल्या, आई. पेंगत. खोलीत आम्ही चौघी होतो आणि खाटा दोन. सकाळच्या पाळीच्या दोघी गेल्या की रात्रपाळीच्या दोघी त्याच अंथरुणात. उशी कधी थंड झालेली मिळाली नाही. हॉटेलात पाहुण्याला रोज कोरी चादर, आणि तिला इस्त्री करणारीला दुसरीच्या अंगाची ऊब. हेच तर माझं परदेश. हे काढलं तर मग मी कुठं गेले होते?”

धाकटीला एकदम पहिल्या लेखातलं ते गळलेलं वाक्य आठवलं.

“आधीच्या लेखांतही केलंत?”

बाबा सांडलेल्या चहाची बशी सरळ करू लागले.

“बाबा, आधीच्या?”

“थोडं थोडं. शब्द इकडचे तिकडे.”

तिनं कपाटातून जुन्या पुरवण्या काढल्या. बाबांनीच त्या नीट घडी करून ठेवल्या होत्या. एकेक उलगडत ती उभ्यानंच वाचत गेली. चौघींच्या खोलीची ‘मैत्रिणींबरोबरची छोटीशी सदनिका’ झाली होती. मुकादमाचे ‘वरिष्ठ’ झाले होते. लिफ्टमध्ये पाहुण्यांबरोबर चढली म्हणून तिला उतरवलं होतं, तिथं ‘मी जिना पसंत करत असे, व्यायाम होई’ असं होतं. ते वाचून तिला हसावं की काय करावं कळेना. आणि हे सगळं लोकांना आवडलं होतं. भाजीच्या दुकानातल्या त्या बायकांना आवडली होती ती कुणी दुसरीच होती. बाबांनी पदरचं घालून घडवलेली मुलगी, जिना पसंत करणारी.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ताईचा निरोप होता, आवाजातला. ताई बोटांनी लिहीत नसे, आता तर शक्यच नव्हतं. धाकटीनं तो सगळ्यांसमोर लावला.

“अगं, माझ्या भाचीनं तुझा लेख फोनवर वाचून दाखवला. छान लिहितेस हं. पण त्यात माझा हात ओट्यावर भाजलाय. मी म्हटलं, ओटा? आपल्या खोलीत ओटा होता कधी? एक ती विजेची शेगडी, ती पण निम्मा वेळ बंद. तू असं का लिहिलंस ते मला कळलं नाही. रागावले नाही, विचारतेय. आमच्या वकीलबाईंना पण कुणीतरी त्याचा अर्थ सांगितलाय. त्या म्हणतात, ही तुमची साक्षीदार ना, मग हिनंच असं कसं छापलं. भरपाईची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. तू येणार म्हणाली होतीस. आता येतेस की नाही, तेवढं सांग. नसशील येत तर तसं सांग, मी दुसरी कुणी बघते. पण दुसरी कुणी नव्हतीच तिथं.”

निरोप संपला. नळाखाली वहिनीनं भांडं धरलं होतं, ते भरून वाहायला लागलं तरी तिला कळलं नाही.

“साक्षीला जाणार म्हणालीस तू? कुणाला विचारून?” दादानं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

“तिला विचारून. हात तिचा आहे.”

बाबांनी पुरवणी आपल्याकडे ओढली. मग म्हणाले, “तू खुलासा दे. माझं काही म्हणणं नाही. पुढच्या अंकात दोन ओळी. छपाईची चूक झाली, म्हणायचं. होतात अशा चुका.”

“छपाईची?”

“हो. मजकूर लावताना दुसऱ्याच लेखातली ओळ आली, म्हणायचं. कुणी विचारत नाही.”

“पुरवणीला मुद्रितशोधक आहे, बाबा. त्या खुलाशानं मान कुणाची जाईल? तुम्ही आयुष्यभर याच्यावरूनच तणतणत घरी यायचात. लेखक स्वतः चुका करतात आणि खापर छापखान्यावर. जेवायचा नाहीत त्या दिवशी. आई ताट झाकून ठेवायची.”

बाबांचं तोंड उतरलं. धाकटीला त्यांची दया आली असती. एरवी आली असती. पण तिच्या कानात ताईचं ते ‘दुसरी कुणी नव्हतीच तिथं’ घुमत होतं, आणि दयेला तिथं जागा नव्हती.

“हे बघ,” आई मटार तसेच टाकून उठली. “ते बापाचं काळीज आहे. तुझ्या भल्यासाठी केलं. तू उद्या छापशील, वडिलांनी मजकूर फिरवला. छापखान्यातली माणसं वाचतील. ह्यांना रस्त्यानं चालणं मुश्किल होईल. काहीतरी मधला मार्ग काढ.”

“मधला मार्ग त्यांनी काढला होता, आई. तोच आता टेबलावर पडलाय.”

“आणि स्थळ? त्यांना काय तोंड दाखवायचं?”

“जे आहे ते.”

तिनं संपादकबाईंना तिथूनच फोन लावला. पलीकडून प्रश्नांवर प्रश्न येत असावेत, कारण ती नुसती ‘हो’ आणि ‘नाही’ म्हणत होती. एकदा म्हणाली, “नाही, तुमच्या माणसाची काही चूक नाही.” एकदा म्हणाली, “हो, घरातच.” मग बराच वेळ ऐकत राहिली. तेवढ्यात दादा आईच्या कानाशी लागून म्हणाला, हिच्याशी दोन दिवस बोलूच नका, राग आपोआप उतरेल. त्याला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही.

फोन ठेवून ती टेबलाशी आली. बसली नाही. आवाज आता अजिबात चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच आईनं पदर हातात घट्ट धरला.

“पुढच्या रविवारी खुलासा येतोय,” ती म्हणाली. “लेख माझ्या वडिलांनी बदलला, मला न विचारता, असं त्यात असेल. आधीचे लेखही तसेच आहेत, तेही असेल. मूळ लेख मी आज स्वतः टाइप करून पाठवतेय. पुस्तकाचं प्रकाशकाला थांबायला सांगते. स्थळवाल्यांना संध्याकाळपर्यंत तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगीन. सुनावणीला मी जातेय, साक्षीदार म्हणून काही महिन्यांची परवानगी मिळतेय. साक्ष झाल्यावर लगेच परत येणार नाही. ताईच्या खोलीवर राहीन.”