अक्कांनी बांधून घेतलेली गाय

माघातला शेवटचा मंगळवार, सकाळ. ओट्यावर माझे थोरले दीर दादा, माझे यजमान, शेजारच्या दोघी आणि मी. नगरच्या दवाखान्यातून पुतण्याचा फोन आला, अक्का गेल्या. दादांनी फोन माझ्या हातात दिला आणि गोठ्याकडे चालू लागले. धारा राहिल्या होत्या...

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमच्या पाथर्डीच्या भागात दिवाळी झाली की निम्मी वस्ती ऊसतोडीला कोपरगावकडे जाते. ज्यांना जनावर सोबत नेता येत नाही ते अक्कांकडे बांधून जातात. दूध अक्कांचं, वासरू मालकाचं, असा रिवाज. पण गाय घेण्याआधी त्या अशी उलटतपासणी करायच्या की त्यापेक्षा सोयरीक जमवणं सोपं. दात बघायच्या, शेपूट उचलायच्या, कास चाचपायच्या. "गाभडलीबिबडली न्हाई ना कदी? खरं सांग. तू जाशील फडात, हितं मला निस्तरावं लागंल." समोरचा शपथ घ्यायला लागला की म्हणायच्या, "शपथ ऱ्हाऊ दे तुज्याकडं. तिनं दूध वाढत न्हाई." माझ्यावरही त्यांचा विश्वास बेताचाच. मी रोजच्या कामांची यादी भिंतीला चिकटवते, ती बघून विचारायच्या, "सुमन, श्वास घ्यायचा लिव्हलाय का ग ह्यात?"

यंदा कलावतीची गाय आली. एकटी बाई, एकच गाय. महिनाभरात ती गाय गाभडली, सातव्या महिन्यातच गर्भ पडला. वार, म्हणजे वासराभोवतीचं वेष्टण, आतच अडकली. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावेपर्यंत अक्कांनी कोपरापर्यंत हात घालून ती काढलीसुद्धा. हातमोजे नाहीत, काही नाही. "डाक्टर येस्तवर गाय ऱ्हाईल व्हय?" मेलेलं वासरू त्यांनी खोल पुरलं, वर चुना टाकला आणि त्या दिवसापासून न उकळलेलं दूध घरात कुणाच्या तोंडाला लागू दिलं नाही.

पुढे त्यांना ताप यायला लागला. संध्याकाळी चढायचा, पहाटे घामानं लुगडं भिजायचं, चार दिवस बरे जायचे की पुन्हा तेच. कंबर धरलेली. तालुक्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरी जनावरं आहेत?" अक्का म्हणाल्या, "न्हाई." मी शेजारीच होते. म्हटलं, आहेत की डॉक्टर, गोठा भरलाय. अक्कांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "ती पाव्हण्यांची हायेत," म्हणाल्या. डॉक्टर हसले, गोळ्या लिहून दिल्या, विषय संपला. नगरला नेईपर्यंत त्या तापात हृदयाची झडप कामातून गेली होती.

ते "न्हाई" माझ्या डोक्यातून जाईना. दहावा-तेरावा उरकल्यावर मी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी कलावतीच्या गाईचं रक्त घेतलं. रक्तावर सुटलेल्या पाण्याचा थेंब काचेवर गुलाबी औषधात कालवला, तर मिश्रण दाणेदार झालं. "ब्रुसेलोसिस दिसतोय वहिनी. जंतूंशी लढायला शरीर जी प्रतिद्रव्यं बनवतं, ती रक्तात आहेत. वारेतून, कच्च्या दुधातून माणसालाही होतो हा." मग थांबून म्हणाले, "पण लस मोठेपणी टोचली असेल तरी असंच दिसतं. एका तपासणीवर मी बोलणार नाही. लस कधी टोचली आणि आधी कधी गाभडली होती का, मालकिणीला विचारा." अक्कांनाही हाच झाला असेल का, विचारलं, तर म्हणाले, आता कशावरून सांगणार...

माझा संशय सरळ कलावतीवर. फोन केला. मागे ट्रॅक्टरची घरघर.

"गाय आधी गाभडली होती?"

"व्हय वैनी. मागल्या सालीबी."

"मग अक्कांना का फसवलंस?"

"म्या कशाला फसवू? समदं सांगितलं हुतं. लस न्हाई टोचली, तेबी. त्या म्हनल्या, दुसरं कोन घेनार हाय हिला? बांध हितं, आन् कुनाला बोलू नगंस."

मला पटलं नाही. गेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं. अक्का, आणि जाणूनबुजून? मी गोठ्यात गेले. सगळ्यांच्या गाई एका दावणीला. कलावतीची तेवढी बाहेर, बाभळीखाली, वेगळ्या खुंट्याला. घमेलं वेगळं, बादली वेगळी. दादांना विचारलं, ही गाभडल्यावर इथं आणली का?

"न्हाई, आली तवापासनं हितंच हाय. तिच्याकडं कुनाला फिरकू देत नव्हती. मला म्हनायची, तुमी तुमच्या गाई बघा."

दवाखान्यातल्या त्या "न्हाई"चा अर्थ मला तिथं लागला. रोगाचं नाव झालं असतं तर कलावतीच्या गाईला वस्तीत कुणी उभं केलं नसतं. अर्थात हाही माझा संशयच. विचारायला अक्का नाहीत.

आता बाभळीखाली मी जाते, हातमोजे घालून. दादांचं आणि माझं रक्त तपासायला देऊन झालं. गाईची दुसरी तपासणी व्हायची आहे, पण लस टोचलीच नव्हती म्हटल्यावर तिचा निकाल काय येणार हे आता डॉक्टर आणि मी दोघंही जाणतो. ही गाय विकता येणार नाही, दुसऱ्याच्या गोठ्यात ती हेच घेऊन जाईल. कलावतीच्या दारातही पाठवता येणार नाही, अक्कांचं झालं ते तिचंही होईल.

काल तिचा फोन आला. "हंगाम सरून कारखान्याचा पट्टा पडला की येते न्यायला. माजी गाय बरी हाय न्हवं, वैनी?"

मी म्हटलं, खाते-पिते. पुढचं तिला सांगायचं राहिलं आहे.