हात ढिला सोड

चाचीला खोटं सांगायचं असेल तर हात पदराखाली लपवूनच सांगावं लागे. सारं गाव तिला चाचीच म्हणे; सायखेड्यात, माझ्या माहेरी, तिचं बांगड्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक काचेचं कपाट आणि पुढे सतरंजी. बाई समोर बसली की चाची तिचा पंजा हातात घेऊन दाबून दाबून मऊ करायची, आणि बांगडी मनगटावर येईपर्यंत बाईच्या घरचं सगळं तिला कळलेलं असायचं. “तोंड लय फसवं. हाताला फसवता येत नाय,” म्हणायची. माझ्या बहिणीचं सासरी बिनसलंय हे आईच्या आधी चाचीला कळलं. त्यावरून आई कितीतरी दिवस चाचीवर रुसून होती.

माझे हात आधीच दांडगे, त्यात मला हौस लहान मापाच्या बांगड्यांची. मी हात ताठ करायची आणि चाची ओरडायची, “हात ढिला सोड. बाकीचं माझं मी बघते.” लग्नाचा हिरवा चुडा भरताना मी रडून गोंधळ घातला, तेव्हाही हेच. शेवटी एक बांगडी फुकट चढवायची आणि म्हणायची, “ही माझ्याकडची.” आपल्या हातून बांगडी कधी फुटत नाही, याची तिला भलतीच घमेंड होती.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडचा कॅन्सर. नाशिकला ऑपरेशन झालं, आणि उरलासुरला रोग जाळायला किरणं सोडणारी आयोडीनची गोळी दिली. ती घेतली की माणसाच्या अंगातूनच काही दिवस किरणं निघतात, म्हणून तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. घरी आल्यावर चाची आजारापेक्षा त्या खोलीवरच जास्त चिडलेली. डॉक्टर दारातूनच विचारतात, बरं वाटतंय का. हात न धरता काय कळणार त्यांना, माझं कपाळ, असं जो भेटेल त्याला ऐकवत होती.

दुसरी गोळी घेऊन ती आली तेव्हा मी सातव्या महिन्यात होते, बाळंतपणासाठी माहेरी आलेली. लहान मुलं आणि पोटुशी बाई, यांच्यापासून काही आठवडे लांब राहायचं, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. माझ्या डोहाळजेवणाला ती आली नाही. सुनेच्या हाती हिरव्या बांगड्या धाडल्या. मी कुणालाच भरू दिल्या नाहीत. चाची भरेल तेव्हा भरीन, म्हटलं. आईने डोक्याला हात लावला. मी रस्त्यावरून जाताना चाची तिच्या ओट्यावरून नुसती माझ्या मनगटांकडे बघायची. मला फार वाईट वाटायचं.

नववा लागला आणि तिने बोलावणं धाडलं. दारात तिचा मुलगा रफिक भेटला. हळूच म्हणाला, “ताई, छातीत गाठी पसरल्यात, आणि त्या आयोडीन धरतच नाहीत. गोळी देऊन उपयोग नाही म्हणाले. अम्मीला सांगितलं नाही. तुम्ही पण बोलू नका.”

आत चाची खुशीत होती. श्वास लागत होता, पण चेहरा उजळलेला. औषध बंद झालं, आता कुणापासून लांब बसायला नको, असं सांगत तिने मला पुढ्यात बसवलं. मीही हसले, थट्टा केली, तुझ्यापायी माझे हात ओकेबोके राहिले म्हणाले. तोंडाने सगळं नीट निभावलं.

तिने माझा हात घेतला. दाबू लागली. पुन्हा दाबला. “ढिला सोड,” म्हणाली. मी खूप प्रयत्न केला. सुटेना.

तिचा अंगठा थांबला.

“रफिक बोलला ना तुला?”

मी मान खाली घातली. तिने एकेक करून सगळ्या बांगड्या चढवल्या, एकही फुटली नाही. शेवटी “ही माझ्याकडची” म्हणाली आणि माझा हात धरूनच बसून राहिली.

मी बाळंतिणीच्या खोलीत असतानाच चाची गेली. तिला शेवटचं बघताही आलं नाही. पण त्या दुपारचा तिचा हात अजून आठवतो. माझ्या हातात तो पहिल्यांदाच ताठ झाला होता. अशा वेळी काय म्हणायचं, ते तिनेच मला शिकवलं होतं. पण ‘बाकीचं माझं मी बघते’ हे तिला मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?