तीन पंगती

श्रीरामपूरच्या कॉलेजात मी ठिपके आणि रेघांचं गणित शिकवायचो. पुस्तकात त्याला आलेखशास्त्र म्हणतात. माझं संशोधनही त्यातलंच: रेघेने जोडलेल्या दोन ठिपक्यांना एकच रंग द्यायचा नाही, तर कमीत कमी रंग किती लागतील? बायको म्हणायची, "रंगपंचमीचा पगार घेता तुम्ही."

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला बेलापूरकडची एक मुलगी होती, भलतीच तल्लख. तिला एम.एस्सी.ला पुण्याला पाठवा, हे सांगायला मी तिच्या वडिलांच्या मळ्यापर्यंत सायकल हाणली. ते म्हणाले, "सर, ह्या रेघोट्यांचा उपेग काय? थोरलीचं लगीन झालं की हिचं उरकतो." चहा घेऊन परत आलो. फार वाईट वाटलं.

पण थोरलीच्या लग्नाचं घोडं भलतीकडेच अडलं. भावकीत कोण कुणाच्या पंगतीला बसणार नाही, याला अंत नव्हता. धाकटीने ओसरीवर खडूने आलेख काढला: घर म्हणजे ठिपका, अबोला म्हणजे रेघ, रंग म्हणजे पंगत. तीन घरांचं एकमेकांशी मुळीच पटत नव्हतं, त्यामुळे दोन पंगतींत भागेना. तिने तीन पंगतींत सगळी भावकी बसवली, मी तपासलं, आणि आम्ही दोघेही खूश.

लग्नाच्या आदल्या दिवशी तिचे चुलते कडाडले, "आमी तिसऱ्या पंगतीला? लोकांचं झाल्यावर?" गणितात सगळे रंग सारखे, पहिल्या पंगतीला मात्र मान असतो. हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी घाम पुसत बसलो. ती म्हणाली, "सर, तिन्ही एकदमच बसवल्या तर?"

मग मांडवात एक, शाळेच्या पडवीत एक, मारुतीच्या पारावर एक. वाढप्यांची दमछाक झाली, पण रुसलं कुणी नाही.

मी पारावर जेवत होतो, ती जिलेबी वाढत होती. शेजारच्या पाहुण्याने तिच्या वडिलांना विचारलं, "धाकटीचा बार कवा उडवताय?"

"आता न्हाई. ती पुन्याला चाललीय, शिकाया. व्हय ना वो सर?"

हे ते तिलाही बोलले नव्हते, मलाही. ती वाढतच राहिली. माझ्या पत्रावळीवर जिलेब्यांचा ढीग झाला, तरी मी "पुरे" म्हणालो नाही. तिला समोरचं काही दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.