दुसरीच्या वतीने 'मी'

काल सहावीच्या वर्गाला मी एक खेळ दिला. जोडीदाराचं बोलणं मधे न तोडता ऐकायचं आणि मग उभं राहून तेच वर्गाला सांगायचं, पण 'ती म्हणाली' असं नाही, थेट 'मी' म्हणून.

नेमक्या पौर्णिमा आणि सानिया एका जोडीत आल्या. खो-खोच्या सामन्यात सानिया मधेच मैदान सोडून गेली आणि संघ हरला. तेव्हापासून कर्णधार पौर्णिमा तिच्याशी बोलत नव्हती. जोडी बदलावी असं क्षणभर वाटलं, पण राहू दिलं.

ऐकून झाल्यावर पौर्णिमा उभी राहिली.

"मी सानिया. मी मैदानातून गेले, कारण माझी सलवार उसवली होती. मला खूप लाज वाटली." ती थांबली आणि सानियाकडे वळली. "मला सांगायचंस ना गं."

"तू ओरडत होतीस," सानिया हळूच म्हणाली.

पौर्णिमाने पुन्हा वर्गाकडे तोंड केलं. "आणि मला माझ्या कर्णधाराची भीती वाटली."

'मी' हा शब्द आपण जन्मभर स्वतःपुरताच वापरतो. या मुलीने तो दुसरीसाठी वापरला आणि त्यातून तिला स्वतःचा चेहरा दिसला. मला तर धावत जाऊन साऱ्या शाळेला हे सांगावंसं वाटत होतं.

तोवर वर्गभर हात वर झाले होते. एक मुलगा तर जोडीदाराकडे बोट दाखवत उभाच राहिला.

"बाई, आता आम्ही. मला अन्वर व्हायचंय."